हाताने अकूस्टिक गिटार बांधताना: मापं, क्रम आणि नेमकं कुठे बिघडतं

लाइट गेजच्या, म्हणजे हलक्या जाडीच्या, सहा तारा (.012 ते .053 इंच) स्वरात आणल्या की त्यांची एकत्रित ओढ साधारण 74 किलो भरते. ही ओढ पेलायची ती पावणेतीन मिलिमीटर जाडीच्या स्प्रूसच्या (एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या) पुढच्या पाटीने, म्हणजे टॉपने, आणि पेलता पेलता थरथरायचंही तिनेच. पाटी जाड राहिली तर गिटार मजबूत होते, पण घुमत नाही. फार पातळ केली तर वर्षभरात ब्रिजमागे (ब्रिज म्हणजे टॉपवर चिकटवलेला, तारा अडकवायचा लाकडी तुकडा) तिचं पोट सुटतं. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं, हे आराखडा पूर्ण सांगू शकत नाही. तो सुरुवातीचा आकडा देतो, शेवटचा आकडा हातातलं लाकूड ठरवतं.

पुढची सगळी मापं स्टील तारांच्या, ओएम (मध्यम) आकाराच्या, चौदाव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बॉडीला मिळणाऱ्या गिटारची आहेत. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला ती लागू करू नका. तिची ओढ जवळपास निम्मी असते आणि आतली रचनाही वेगळी.

आधी हवा, मग लाकूड

कामाच्या खोलीत आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये हवी. 45 धरून चला. हे कौतुकाचं पथ्य नाही. स्प्रूस लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगतो आणि आकसतो. 380 मिमी रुंदीचा टॉप 65 टक्के आर्द्रतेतून 45 टक्क्यांत आला की दीड-दोन मिमी आकसतो. त्याच्या पोटाला आडवे चिकटवलेले ब्रेस (आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) मात्र लांबीत आकसत नाहीत. दमट दिवसात ब्रेस चिकटवले आणि पुढे हवा कोरडी झाली, की टॉपची कमान आधी सपाट होते, मग खचते आणि शेवटी रेषेवर उभी चीर पडते.

स्वस्त आर्द्रतामापक बरेचदा दहा-दहा टक्के चुकतो. तपासायची सोपी रीत अशी: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मापकासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. काटा 75 वर यायला हवा. जितका फरक पडेल तितका मापकावर लिहून ठेवा.

आणलेलं लाकूड लगेच कापू नका. पाट्यांमध्ये समान काड्या घालून, दोन्ही अंगांना हवा लागेल अशा रचून काही आठवडे त्याच खोलीत ठेवा. दर आठवड्याला वजन करा. वजन बदलायचं थांबलं की लाकूड तयार.

आराखडा आणि साचा

स्केल (तारेची वाजणारी लांबी) 645 मिमी, नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी 44.5 मिमी. बॉडीची लांबी 492, खालचा फुगार 381, कंबर 241, वरचा फुगार 286. खोली मागच्या टोकाला 105 आणि नेककडे 86. हे सगळं एका प्लायवर पूर्ण आकारात काढा, आणि त्याआधी मधोमध एक रेष मारा. टॉप, पाठ, नेक, फिंगरबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवायची फळी), ब्रिज, प्रत्येक भागावर ही मध्यरेषा शेवटपर्यंत दिसली पाहिजे. घासताना पुसली गेली तर काम थांबवून पुन्हा आखा.

साचा 18 मिमी प्लायचे पाच-सहा थर चिकटवून करा. अर्ध्या बॉडीचा एकच नमुना कापायचा आणि तोच उलटवून दोन्ही अंगांना वापरायचा, म्हणजे डावं-उजवं आपोआप सारखं येतं. आतला पृष्ठभाग तळाशी काटकोनात आहे का ते गुण्या लावून पाहा. साचा तिरका असेल तर बाजू तिरक्या आणि पुढे बाइंडिंगही (कडेला बसवायची पट्टी) तिरकं.

लाकूड निवडताना

टॉपसाठी सिट्का, एंगलमान किंवा युरोपीय स्प्रूस. पाटी एकाच फळीतून चिरलेली आणि पुस्तकासारखी उघडणारी जोडी हवी. प्रत्येक अर्धुक किमान 210 बाय 560 मिमी, जाडी 4 मिमी. छेदाकडून पाहिलं तर वार्षिक रेषा पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसायला हव्यात. रेषा दाट आहेत की विरळ, याला लोक फाजील महत्त्व देतात. त्यापेक्षा आडवं वाकवून पाहिल्यावर पाटी किती ताठ लागते ते जास्त बोलकं असतं.

खरा धोका रनआउटचा, म्हणजे धागे पाटीच्या पृष्ठभागाला समांतर न धावता तिरके बाहेर पडण्याचा. दोन अर्धुकं उघडून ठेवल्यावर एक गडद आणि एक फिकं दिसलं, आणि पाटी फिरवल्यावर छटा उलटल्या, तर रनआउट आहे. थोडा चालतो. जास्त असेल तर ती पाटी ब्रिजच्या ओढीखाली फाटू शकते.

पाठ आणि बाजूंसाठी शिसव, महोगनी, मेपल, अक्रोड. पहिल्या गिटारला महोगनी घ्या. ती वाकते, चिकटते आणि चुका माफ करते. शिसवीसकट डाल्बर्जिया कुळातली सगळी लाकडं 2 जानेवारी 2017 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत, आणि ब्राझिलियन रोझवुड 1992 पासून परिशिष्ट 1 मध्ये. लाकूड सीमेपलीकडून येणार असेल तर कागदपत्रं आधी पाहा. शिसवीची धूळ पुष्कळांना बाधते, त्वचेवर पुरळ उठतं. मास्क आणि धूळ खेचणारं यंत्र हवंच.

टॉप जोडणं

दोन अर्धुकं पुस्तक मिटल्यासारखी एकमेकांवर ठेवा आणि दोन्ही कडा एकत्र, लांब रंध्याने, शूटिंग बोर्डवर (रंधा सरळ चालवायच्या पाटावर) साफ करा. रंधा एखाद्या अंशाने कलता असला तरी उघडल्यावर दोन्ही कडांची चूक एकमेकींना खाऊन टाकते. मग कडा जुळवून खिडकीसमोर धरा. कुठेही उजेडाची फट दिसता कामा नये. मधे फट असेल तर ती क्लॅम्पने दाबून बुजवायच्या भानगडीत पडू नका. दाब सुटला की तो ताण सांध्यातच राहतो आणि कोरड्या हवेत सांधा उघडतो.

चिकटवायला सरस किंवा साधा पिवळा वुड ग्लू. जलरोधक म्हणून विकला जाणारा ग्लू सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, ब्रिज आणि ब्रेससाठी तर तो नकोच. सरस 192 ग्रॅम ताकदीचा घ्या, थंड पाण्यात फुगवा आणि 60 अंशांच्या आसपास गरम ठेवा. उकळला तर त्याची ताकद जाते. सरस लावल्यापासून सांधा बसवेपर्यंत हातात मिनिटभरच असतो, त्यामुळे लाकूड आधी कोमट करून घ्या आणि क्लॅम्पची कोरडी तालीम करा.

रोझेट, म्हणजे साऊंडहोलभोवतीचं (टॉपमधल्या गोल भोकाभोवतीचं) नक्षीचं कडं, अंतिम जाडीच्या आधी बसवायचं. साऊंडहोल 100 मिमी व्यासाचं, त्याचं केंद्र बॉडीच्या वरच्या कडेपासून सुमारे 148 मिमीवर. रोझेटची खाच 1.8 मिमी खोल. सुपरग्लू वापरणार असाल तर खाचेला आणि भोवतालच्या स्प्रूसला आधी मेणरहित लाखेचे दोन हात द्या, नाहीतर ग्लू छेदातून आत शोषला जातो आणि पॉलिशखाली कायमचा पिवळट डाग उमटतो. रोझेट सुकल्यावर स्क्रेपरने टॉपशी सपाट करा, आणि साऊंडहोल जाडी आणून झाल्यावरच कापा.

जाडी 3.0 मिमीवर आणून थांबा. इथून पुढे कॅलिपरपेक्षा हात महत्त्वाचा. पाटीची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे 3.0 वरून 2.7 वर आलात तर लाकूड दहा टक्केच गेलं, पण ताठरता सत्तावीस टक्के गेली. म्हणून शेवटच्या तीन दशांश मिलिमीटरला तेवढाच वेळ द्या जेवढा आधीच्या एका मिलिमीटरला दिलात. पाटी दोन आधारांवर 480 मिमी अंतराने ठेवा, मधोमध एक किलो वजन ठेवून ती किती लवते ते मोजा, लांबीतही आणि आडवंही (आडवं मोजताना आधार पाटीच्या रुंदीइतके जवळ येतील). आकडा वहीत लिहा. पहिल्या पाटीला तो निरुपयोगी वाटेल, तिसऱ्या पाटीला तोच मार्गदर्शक ठरतो. बहुतेक सिट्का 2.7 ते 2.9 मध्ये येतो, एंगलमान थोडा जाड ठेवावा लागतो. खालच्या फुगाराच्या कडेला 25 मिमीच्या पट्ट्यात आणखी 0.2 मिमी उतरवलं तर टॉप जास्त मोकळा हलतो.

ब्रेसिंग

ब्रेसचं लाकूड करवतीने कापलेलं घेऊ नका, पटाशीने फाडलेलं घ्या. फाडलेल्या तुकड्यात धागे टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात, आणि उंची कमी करून पातळ केलेल्या टोकाला तो अखंडपणाच तारतो. रेषा ब्रेसमध्ये उभ्या, टॉपला काटकोनात.

मुख्य एक्स ब्रेस 8 मिमी रुंद, सुरुवातीला 16 मिमी उंच. त्याच्या तळाला 8.5 मीटर त्रिज्येची कमान द्यायची. ऐकायला मोठं वाटतं, पण 380 मिमी रुंदीत मधला उंचवटा जेमतेम 2.1 मिमी भरतो. अशा त्रिज्येची पॉलिश पेपर लावलेली ताटली तयार असेल तर त्यावर घासून तळ अचूक होतो. पाठीची त्रिज्या 4.57 मीटर, तिथे तोच उंचवटा 4 मिमीच्या जवळ जातो.

दोन एक्स ब्रेस एकमेकांना 98-100 अंशांत छेदतात आणि छेदाचा बिंदू साऊंडहोलच्या कडेपासून 35 मिमी खाली. 25 मिमीवर आणला तर टॉपचा खालचा भाग अधिक मोकळा होतो आणि खर्ज वाढतो, पण मग ब्रिजमागे आधारही कमी होतो. पहिल्याच गिटारला 35 ठेवा. ब्रिजचे दोन्ही पंख एक्सच्या पायांवर पडतायत ना, हे आराखड्यावर आत्ताच तपासा.

छेदावर दोन्ही ब्रेसना अर्धी अर्धी खाच. ज्या ब्रेसची खाच वरून उघडी आहे तो तिथे निम्माच उरतो, म्हणून सांध्यावर स्प्रूसची चिप किंवा सरसात भिजवलेलं पातळ कापड चिकटवायचं. हे विसरलं की काही महिन्यांनी टॉप नेमका तिथे दुमडल्यासारखा होतो.

चिकटवण्याचा क्रम: आधी एक्स, मग त्याच्या पायांमध्ये नेमकी बसणारी 2.5 मिमी मेपलची ब्रिजप्लेट, मग साऊंडहोलच्या वरचा आडवा ब्रेस (9 रुंद, 16 उंच), एक्सच्या खालचे दोन तिरके टोन बार (6 रुंद, 10 उंच) आणि शेवटी चार बोटं, म्हणजे कडेचे छोटे ब्रेस (5 रुंद, 8 उंच). ब्रिजप्लेटच्या रेषा टॉपच्या रेषांना समांतर ठेवू नका, नाहीतर पिनांच्या सहा भोकांच्या ओळीवर दोन्ही लाकडं एकाच दिशेला फाटतात. दाबायला गो-बार डेक सोयीचा: वर-खाली दोन फळ्या आणि मध्ये वाकवून अडकवलेल्या लवचीक काड्या. खाली कमानीची ताटली ठेवली की टॉप आपोआप कमानीत बसतो. बाहेर आलेला ग्लू वीस मिनिटांनी रबरासारखा होतो. तेव्हाच पटाशीने काढा, सुकल्यावर खरवडताना टॉपवर घाव पडतात.

आता तासकाम. इथे लक्षात ठेवायची गोष्ट एकच: ब्रेसची ताठरता उंचीच्या घनावर ठरते आणि रुंदीवर सरळ प्रमाणात. तळाची रुंदी जागच्या जागी ठेवा, आधी माथा निमुळता करून बाजू उतरवा, कारण त्यात वजन जातं आणि ताकद फारशी जात नाही. छेदापाशी उंची 14-15 मिमी सोडा. टोकांकडच्या शेवटच्या 40 मिमीत ती 2 मिमीवर आणा. मग टॉप वरच्या फुगाराजवळ कडेला दोन बोटांत हलका लोंबता धरा आणि ब्रिजच्या जागी बोटाच्या पेराने टकटक करा. सुरुवातीला आवाज उंच आणि आखूड असतो, फळीवर मारल्यासारखा. ब्रेस उतरत जातात तसा तो खाली येतो आणि लांबतो, हंड्याच्या कडेसारखा रेंगाळायला लागतो. प्रत्येक ब्रेसवरून दोन-चार पातळ कातळ्या निघाल्या की पुन्हा टकटक. दोन फेऱ्यांत आवाजात काही फरक पडेनासा झाला की पटाशी खाली ठेवा. शंका आली तर थोडं ताठ सोडा. राहिलेलं लाकूड साऊंडहोलमधून हात घालून नंतरही काढता येतं, काढलेलं परत लावता येत नाही.

पाठ 2.5 मिमी जाड. मधल्या सांध्यावर आतून आडव्या रेषांची 14 मिमी रुंद स्प्रूसपट्टी, आणि चार आडवे ब्रेस: वरचे दोन अरुंद-उंच (8 बाय 14), खालचे दोन रुंद-बसके (18 बाय 9).

बाजू वाकवणं

बाजू 2.0 मिमी, फार तर 2.2. दोन्ही जाडीला एकसारख्या, कारण पातळ जागी लाकूड आधी वाकतं आणि तिथेच मोडतं. वाकवायचा लोखंडी पाइप 150 ते 160 अंशांवर हवा. पाण्याचा थेंब टाकला तर तो चरचरत लगेच उडाला पाहिजे. लाकूड वाकतं ते उष्णतेने लिग्निन मऊ झाल्यामुळे. पाणी फक्त उष्णता आत नेतं आणि पृष्ठभाग करपू देत नाही. म्हणून रात्रभर भिजत घालायची गरज नाही. जास्त भिजवलेल्या बाजूला लाटा पडतात.

कंबरेपासून सुरुवात करा. बाजू पाइपवर टेकवून हलता दाब ठेवा. काही सेकंदांत लाकूड अंग सोडतं, हे हाताला स्पष्ट कळतं, त्याआधी जोर लावला तर चीर. बाहेरून पातळ पत्र्याची पट्टी लावली तर बाहेरच्या धाग्यांना आधार मिळतो, नागमोडी रेषांच्या लाकडाला तर ती हवीच.

आणि इथली सगळ्यांत जुनी चूक: दोन्ही डाव्याच बाजू तयार होणं. वाकवण्याआधी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून खडूने लिहा: बाहेर, आत, टॉपकडे, नेककडे. घाम गाळून दुसरी बाजू साच्यात घालताना उलगडा होण्यापेक्षा हे बरं.

वाकवलेल्या बाजू साच्यात क्लॅम्प करून किमान एक दिवस सुकू द्या. मग नेक ब्लॉक (75 रुंद, 45 जाड, महोगनी) आणि टेल ब्लॉक (65 रुंद, 20 जाड) चिकटवा. लायनिंगची (बाजूच्या आतल्या कडेला टॉप-पाठ चिकटवायला जागा देणारी) पट्टी 6 बाय 15 मिमीची, दर 7 मिमीवर करवतीचा काप देऊन 1.2 मिमी लाकूड शिल्लक ठेवलेली. ती कडेपेक्षा अर्धा मिमी वर ठेवून चिकटवायची. कपडे वाळत घालायचे चिमटे, त्यांना रबर गुंडाळून, साठ-सत्तर लागतात. मग कडेवर खडू फासा आणि चौकट पॉलिश पेपरच्या ताटलीवर फिरवत राहा. खडू सगळीकडून गेला की कडेला कमान बसली.

खोकं बंद करणं

एक्सची आणि आडव्या ब्रेसची टोकं लायनिंगमध्ये 2 मिमी खोल खाचांत बसली पाहिजेत. टोन बार आणि बोटं लायनिंगच्या आधीच संपतात. खाच सैल झाली तर पाचर मारून भरा, ग्लूवर भरवसा ठेवू नका. आधी टॉप चिकटवा, मग आतून सगळं तपासून पाठ. पाठ लावण्याआधी आत दिवा धरून प्रत्येक ब्रेस नखाने वाजवा. सुटलेल्या टोकाचा आवाज कोरडा, फाटका येतो. हाच ब्रेस पुढे एखाद्या ठराविक सुरावर झणझणेल, आणि तेव्हा तो शोधायला आरसा आणि दोन दिवस लागतील. लेबलही आत्ताच लावा.

बाइंडिंगची खाच 6 मिमी उंच, 2 मिमी खोल. राउटर फुगाराच्या सर्वांत रुंद जागेपासून कंबरेकडे आणि टोकांकडे चालवा, म्हणजे कटर धाग्यांच्या उतारावरून जातो. उलट चाललात तर स्प्रूसचा एक पापुद्रा सरळ टॉपमध्ये उचकटतो. तुकडा उडाला तर तो शोधा आणि लगेच चिकटवा, तोच तुकडा तिथे बेमालूम बसतो.

नेक, फ्रेट आणि कोन

नेकसाठी उभ्या रेषांची महोगनी, हेडस्टॉक 15 अंश मागे झुकलेला. अखंड लाकडातून कापला तर हेडस्टॉकमध्ये धागे आखूड पडतात आणि गिटार पडली की तिथेच तुटते. स्कार्फ सांधा (तिरके कापलेले दोन तुकडे जोडणं) यापेक्षा मजबूत आणि लाकूडही वाचवणारा. ट्रस रॉड (नेकचा वाक सुधारणारी आतली धातूची सळई) दोन्ही बाजूंना काम करणारा घ्या, खाच त्याच्या मापाची, साधारण 6 मिमी रुंद. फिंगरबोर्ड चिकटवण्याआधी रॉड दोन्हीकडे फिरवून पाहा. खाचेवर चिकटपट्टी लावून मग ग्लू पसरा आणि शेवटच्या क्षणी पट्टी काढा, नाहीतर ग्लू रॉडमध्ये शिरतो.

पाण्याचा ग्लू फिंगरबोर्डच्या खालच्या अंगाला फुगवतो आणि नेक मागे वाकते. एपॉक्सीने हा त्रास टळतो. वुड ग्लूच वापरायचा असेल तर दोन दिवस सुकल्याशिवाय फिंगरबोर्ड सपाट करू नका.

फ्रेटची जागा: उरलेली लांबी 17.817 ने भागत जायचं. 645 मिमी स्केलला पहिला फ्रेट नटपासून 36.20, पाचवा 161.80, सातवा 214.51, बारावा 322.50, चौदावा 357.69 आणि विसावा 441.84 मिमीवर येतो. प्रत्येक माप नटपासूनच घ्या. एका फ्रेटपासून दुसऱ्यापर्यंत मोजत गेलात तर प्रत्येक वेळची छोटी चूक पुढच्यात मिळते. खाच 0.58 मिमी रुंद, फ्रेटच्या जिभेपेक्षा थोडी खोल. फिंगरबोर्डची त्रिज्या 400 मिमी. फ्रेट ठोकताना आधी दोन्ही टोकं, मग मधला भाग.

नेकचा कोन हा सगळ्या बांधणीतला सर्वांत नाजूक हिशेब. जोड बोल्टचा करा: मॉर्टिस-टेनन, म्हणजे चौकोनी खाच आणि तिच्यात बसणारी जीभ, आणि आतून दोन एम6 बोल्ट. डव्हटेल (पाचरीसारखा फाकत जाणारा सांधा) सुंदर असतो, पण पहिल्या गिटारला तो सुधारता येणं कठीण. नेक बसवून फ्रेटवर सरळ पट्टी ठेवा. ब्रिज 9 मिमी जाड धरला तर पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम चाटून, फार तर मिलिमीटरभर वरून गेलं पाहिजे. खाली आदळत असेल तर नेक पुढे झुकलीय: हीलच्या (नेकच्या बॉडीला टेकणाऱ्या बुंध्याच्या) पाठीकडच्या टोकाचं लाकूड काढा. फार वरून जात असेल तर फिंगरबोर्डकडचं. हील 90 मिमी उंच असेल तर टोकाशी काढलेला 1 मिमी ब्रिजपाशी तीन मिलिमीटरहून जास्त सरकवतो, म्हणून पटाशी नको. हील आणि बॉडीमध्ये 120 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी घाला, नेक दाबून धरा आणि पट्टी बाहेर ओढा. दोन्ही अंगांना सारख्या ओढी, दर पाच ओढींनी मोजणी. सोबत नटच्या मध्यापासून टॉपच्या सांध्यापर्यंत दोरा ताणून नेक डावी-उजवीकडे वळली नाही ना तेही पाहा. पॉलिशनंतर कोन सुधारायला गेलात तर कडेचं पॉलिश उडतंच.

पॉलिश

आवाजाच्या दृष्टीने पॉलिश पातळ तितकं बरं. फ्रेंच पॉलिशला मेणरहित चपडा लाख, 100 मिली स्पिरिटला 20 ग्रॅम. महोगनी-शिसवीची छिद्रं आधी भरून घ्या. बोळ्यात सुती कापडाआड लोकर, आणि बोळा एका जागी कधी थांबवायचा नाही: थांबला की खालचा थर विरघळून कापड चिकटतं. रोज दोन-तीन सत्रं, प्रत्येकात तेलाचे दोन-चार थेंब, शेवटी निव्वळ स्पिरिटने तेल ओढून काढणं. झाल्यावर दोन आठवडे हात लावू नका. नायट्रो लॅकर फवारणार असाल तर श्वसनयंत्र आणि हवेशीर जागा हवी, आणि तीन-चार आठवड्यांचा थांबा.

ब्रिज, नट आणि तारा

नेक पक्की झाल्यावरच ब्रिजची जागा ठरवा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत प्रत्यक्ष मोजा आणि दुप्पट करा. कागदावरचं 645 विसरा, खरं माप तेच. त्यात सॅडलच्या (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीच्या) जागी पातळ तारेला सुमारे 2 मिमी आणि जाड तारेला 5 मिमी वाढवा, कारण दाबल्यावर तार ताणली जाऊन सूर चढतो आणि जाड तारेचा जास्त चढतो. सॅडल म्हणूनच तिरकं असतं.

ब्रिजचा तळ टॉपच्या कमानीला जुळवा: टॉपवर पॉलिश पेपर पालथा चिकटवून ब्रिज त्यावर घासा. ब्रिजखालचं पॉलिश पूर्ण निघालं पाहिजे, ग्लू पॉलिशला नाही, लाकडाला धरतो. पण आखताना सुरी जोरात फिरवू नका. स्प्रूसमध्ये गेलेला काप ब्रिजच्या मागच्या कडेला येतो, आणि तिथूनच ब्रिज टॉपचा पापुद्रा घेऊन उचकटतो. साऊंडहोलमधून तीन लांब गळ्याचे क्लॅम्प, आतून ब्रेसना टाळून कापलेली आधाराची फळी, एक दिवस दाब आणि तारा दोन दिवसांनी.

नट आणि सॅडल हाडाचं. नटच्या खाचा खोल करताना तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा: पहिल्या फ्रेटवर केसाइतकी फट उरली की थांबा. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबून सातव्यापाशी 0.15 ते 0.25 मिमी अंतर येईल असा ट्रस रॉड फिरवा. बाराव्या फ्रेटवर जाड तार 2.4 मिमी, पातळ तार 1.8 मिमी उंच. तिथे अर्धा मिमी कमी करायचा असेल तर सॅडलवरून एक मिमी काढावा लागतो.

तारा चढवल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टॉप ब्रिजमागे मिलिमीटरभर वर येतो आणि तारा थोड्या उंचावतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. सॅडल अंतिम मापाला तोपर्यंत आणू नका, एक मिमी उंचच ठेवा. आवाजही याच दिवसांत उघडत जातो, म्हणून पहिल्या संध्याकाळी ऐकून ब्रेस उतरवायला हात आत घालू नका. महिनाभर वाजवल्यावरही वरच्या तारा बारीक आणि घट्ट वाटत राहिल्या, तर छोट्या रंध्याने एक्सच्या खालच्या पायांवरून पातळ कातळी काढा, तारा पुन्हा चढवा आणि दोन दिवस वाजवून मगच पुढची कातळी काढा.